आरती होणार नाई

कीर्तनाला बसावं तर गुणवंतरावांनी बसावं, असं सिंदेवाहीपासून गडचिरोलीपर्यंतच्या पट्ट्यात लोक म्हणत. एकदा कीर्तन रंगात आलं असताना त्यांचा गडी धापा टाकत मांडवात शिरला आणि कानाशी लागला, "मालक, खळ्यावरच्या पुंजण्याले आग लागली!" धानाचा पुंजणा म्हणजे वर्षाचं अन्न रचून ठेवलेलं. गुणवंतराव जागचे हलले नाहीत. म्हणाले, "इझवा. आरती झाली का येतो." अर्धा पुंजणा गेला, पण माणसाचं नाव झालं. आरती झाल्याशिवाय कीर्तनातून उठणार नाही, असं त्यांनी आईच्या पायाला हात लावून कबूल केलं होतं, आणि केस पिकले तरी शब्द मोडला नव्हता.

वच्छलाबाईंना हा माणूस आवडायचा तो या एका गोष्टीसाठी. बाकी आवडावं असं त्यांच्यात फारसं काही नव्हतं.

गुणवंतराव त्या पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजचे संस्थाध्यक्ष, आणि वच्छलाबाई कॉलेजच्या मागच्या मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका. बाईंचे वडील गावोगाव कीर्तनं करत. लहानपणी फ्रॉकमध्ये टाळ घेऊन वडिलांच्या मागे धृपद धरायला त्या उभ्या राहत, पाय दुखले की एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत. पुढे लग्न झालं, धनी लवकर गेले, पदरात काही नव्हतं. देवाने कूस रिकामी ठेवली आणि वसतिगृह भरून दिलं. एटापल्ली-भामरागडकडच्या माडिया पोरी, तळ्यांवर मासे धरणाऱ्यांच्या पोरी, धानवाल्या-कपाशीवाल्यांच्या पोरी. पहिल्या वर्षाला पत्र्याच्या पेट्या घेऊन यायच्या आणि दिवाळीला घरी गेल्या की त्यांतल्या काही परत यायच्याच नाहीत. का येत नाहीत, ते कोणी विचारत नव्हतं. बाईंनी विचारलं. विचारता विचारता रोज सांजेच्या प्रार्थनेनंतर वऱ्हांड्यात पोरींना घेऊन बसायची रीत पडली. जिच्या पोटात जे असेल तिने ते बोलायचं, आणि दुसरीने हसायचं नाही. बोलता येत नसेल तर गाणं म्हणायचं, आपल्या बोलीत. पोरी त्याला नुसतं "बसणं" म्हणत.

कॉलेजात तशी विद्यार्थी कल्याण समितीही होती. विद्यापीठाचा हुकूम होता, म्हणून होती. भाद्रपदात कल्याण सप्ताह व्हायचा. झाडं लावायची, रांगोळ्या काढायच्या, एका दिवशी रक्तगट तपासायचा आणि रविवारी गुणवंतरावांच्या खर्चाने कीर्तन आणि पंगत. की झालं वर्षाचं कल्याण.

दोन हजार तीन सालचा तो सप्ताह मात्र वेगळा निघाला. चंदामुळे.

चंदा सूरजागडच्या डोंगराखालच्या एका पाड्यावरची. पहिल्या वर्षाला होती. आषाढात तिचा धाकटा भाऊ तापाने गेला. नाल्याला पूर, खाट खांद्यावर घेऊन बाप काठावर बसून राहिला, पाणी उतरलं तोवर पोरगा उरला नव्हता. घरच्यांनी त्याला माती दिली, रडले, रीतीप्रमाणे गाणी म्हटली. आणि चंदाला निरोप मिळाला तो सगळं आटोपल्यावर, शेतावर धानाची रोपं लावणं, म्हणजे रोवणेसुद्धा, सुरू झाल्यावर. तेव्हापासून पोरीच्या डोळ्याला डोळा नव्हता. जेवायला बसवलं तर ताटात बोट फिरवायची. एकदा भर पावसात पाण्याच्या टाकीजवळ अनवाणी उभी राहिली ती दुपारभर. तिच्या खोलीतली दिव्यानी, तळ्यावरच्या मुखरू ढिवराची पोरगी, जिभेने सुरीसारखी आणि मनाने लोण्यासारखी, तिला हाताला धरून आत घेऊन आली.

बाई तिला गडचिरोलीच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथला डॉक्टर तरुण होता. म्हणाला, "बाई, वेड वगैरे काही नाही लागलं. दुःख आत अडकलं आहे. गोळ्या देतो, पण गोळीपेक्षा माणसं जास्त लागतील. एकटी ठेवू नका, आणि दर आठवड्याला दाखवायला आणा." तेव्हापासून दर गुरुवारी बाई आणि चंदा एस.टी.ने जायच्या. चार घास पोटात जायला लागले होते. झोप तेवढी येत नव्हती.

आणि नेमकं तेव्हाच कुठल्यातरी लांबच्या गावच्या वसतिगृहात एका पोरीने विहिरीत उडी घेतल्याची बातमी पेपरात आली. गुणवंतराव घाबरले. बाईंना ऑफिसात बोलावून घेतलं.

"बाई, त्या पोट्टीच्या बापाले निरोप धाडला हाये. रविवारी येईल, सोमवारच्या पह्यल्या गाडीनं घेऊन जाईल."

"काऊन जी?"

"काऊन म्हंजे? उद्या काई बरंवाईट झालं त कोनाच्या गळ्यात येईल? संस्थेच्याच ना?"

"भाऊ, तिच्या गावाहून दवाखाना केवढा दूर हाये, ठाऊक हाये का तुमाले? पावसाळ्यात त रस्ताच नसते."

"बरी झाली का येईल परत."

"इथून अशी गेलेली कोनती पोरगी परत आली? एक नाव सांगा."

गुणवंतरावांना नाव काही सापडलं नाही. मग त्यांचा आवाज चढला. "आन् ते सांजचं बसणंबी बंद करा. रडारड करून पोट्ट्या एकमेकीले बिघडवून राह्यल्या. कल्याण सप्ताह करतो ना आपन? कीर्तन देतो, पोटभर जेवू घालतो. अजून किती कल्याण पाह्यजे?"

बाई गप्प बसल्या. गुणवंतरावांना वाटलं, मानलं. गप्प बसणं आणि मानणं यांच्यामध्ये वैनगंगेएवढं पात्र असतं, ते त्यांच्या ध्यानात आलं नाही.

दिव्यानी मात्र दारातच अडवून उभी. "काय म्हनले?"

"सोमवारी नेतील म्हने."

"आन् तुमी आयकून घेतलं?"

"मंग काय करू माय? खुर्ची त्याची हाये."

"आमाले रोज सांगता, पोटातलं बोला म्हून. तुमचं पोट कुठी गेलं जी?"

बाईंना राग आला नाही. शब्द बरोबर जागी लागला होता, म्हणून राग आला नाही. त्या रात्री देवापुढे बसून त्यांनी एवढंच म्हटलं की पांडुरंगा, मला हुशारी नको, तोंड दे.

रविवारी दुपारी कॉलेजच्या पटांगणात मांडव पडला. गादी अंथरली, शेजारी वीणा, पुढे तबकात कापूर, फुलं, बुक्का. केवळराम मृदंगाला शाई-कणीक बघत बसला. एरवी तो ऑफिसातला शिपाई, पण मृदंगावर हात पडला की प्राचार्यही त्याला "केवळरामभाऊ" म्हणत. पोरी एका बाजूला, पोरं दुसऱ्या बाजूला, पुढे खुर्च्यांवर मास्तर मंडळी, आणि खाली सतरंजीवर, सगळ्यांच्या पुढे, गुणवंतराव. कीर्तनात ते खुर्ची घेत नसत. शेवटच्या रांगेत चंदाचा बाप दसरू येऊन बसला होता, मांडीवर छत्री आडवी, डोक्याला रुमाल. लेकीची पेटी वऱ्हांड्यात बांधून ठेवली होती.

बुवा भद्रावतीहून यायचे होते. आले नाहीत. ऑफिसात फोन आला की एस.टी. मूलच्या अलीकडे बंद पडली, दुसरी गाडी कधी मिळेल त्याचा नेम नाही.

आता आली का पंचाईत! गादी अंथरली, वीणा मांडली, दिवा लागला, की ती गादी रिकामी ठेवायची नसते. गुणवंतराव कासावीस झाले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि नजर वच्छलाबाईंवर येऊन थांबली.

"बाई, तुमच्या वडलांचं कीर्तन म्या लहानपनी आयकलं हाये. उभ्या राहा."

"मी? नाई जी नाई! टाळ सोडून जमाना झाला."

"देवाचं काम हाये. गादी काय रिकामी ठेवता?"

बाई खरोखरच नको म्हणत होत्या. पण नको म्हणता म्हणता त्यांची नजर मागे गेली, आणि छत्रीवर हात ठेवून बसलेला दसरू दिसला. त्याच्या बाजूला चंदा, बसलेली पण तिथे नसलेली.

"भाऊ," बाई म्हणाल्या, "तुमीच उभं करून राह्यले. मंग मधातून मले खाली बसवू नका."

"बाप्पा! गादीवरच्या मानसाले खाली बसवनारा म्या कोन?" असं म्हणत गुणवंतरावांनी स्वतःच्या हाताने बाईंच्या गळ्यात हार घातला आणि वाकून नमस्कार केला. गादीवर जो उभा तो त्या वेळेपुरता मोठा, मग तो आपला नोकर का असेना.

सुरुवात फसली. पहिल्याच आळवणीत आवाज चिरकला, आणि पोरांच्या बाजूने कोणीतरी फिसकन् हसलं. पण दिव्यानी टाळ घेऊन मागे येऊन उभी राहिली होती. तिने सूर उचलून धरला, केवळरामने थाप जरा सावकाश केली, आणि हळूहळू बाईंच्या गळ्यातून वडिलांचा आवाज यायला लागला. तिसऱ्या वेळेला नाम घेतलं तेव्हा गुणवंतरावांचे डोळे मिटले होते आणि मान डोलत होती.

बाईंनी दृष्टांत दिला तो मुखरू ढिवराच्या घरचा.

"आमच्या दिव्यानीचा बाप तळ्यावर जाळं टाकते. जाळ्याचा एखादा धागा तुटते. मंग तो काय करते? तोडून फेकते का? म्हनते का, हा धागा कमजोर हाये, ह्याच्यापायी जाळ्याची बदनामी होईल? नाई जी! मांडीवर जाळं घेते, आन् तुटला तिथीच गाठ मारते. दया येते म्हून नाई मारत बरं का! त्याले ठाऊक हाये, एका छिद्रातून सारा मासा जाते."

"वा!" गुणवंतराव म्हणाले. खरंच म्हणाले. तोवर त्यांना काही कळलं नव्हतं.

मग बाईंनी टाळ खाली केले. आजचं आख्यान पोथीतलं नाही म्हणाल्या. ज्याचं दुःख त्याचं, आपण त्याला नाव लावणारे कोण, म्हणून नाव घेतलं नाही. एका नाल्याचं सांगितलं, काठावर ठेवलेल्या खाटेचं सांगितलं, आणि रडायची वेळ टळून गेल्यावर कळलेल्या एका बहिणीचं सांगितलं. पोरींच्या बाजूला पदर-ओढण्या डोळ्यांकडे गेल्या. सांगताना बाईंच्या मनात चर्रर्र झालं, की लेकराची जखम चारचौघांत उघडते आहे का मी? त्यांनी चंदाकडे पाहिलं. चंदा पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहत होती. बाईंनी पुढे सांगितलं.

दिवे लागायची वेळ झाली. मांडवामागून वांग्याच्या भाजीचा वास यायला लागला. बाईंनी आख्यान आवरतं घेतलं, गजर केला, आणि केवळराम मृदंग ठेवून आरतीचं तबक उचलून घेऊन आला. कापूर पेटवणार, तोच बाई म्हणाल्या,

"ठेव खाली. आरती होणार नाई."

केवळरामची पेटती काडी हवेतच राहिली.

गुणवंतरावांनी डोळे उघडले. "काय झालं बाई? काई इसरलं का?"

"काई नाई इसरलं भाऊ. ह्या आवारातून उद्या एका लेकराले काढून देऊन राह्यले. गुन्हा एवढाच का तिले दुःख झालं. देवापुढं दिवा ओवाळाचा आन् देवाच्या लेकराले फाटकाबाहेर करून द्याचं? असा दिवा मी नाई ओवाळत. पोरगी राहील म्हना, मंग आरती."

प्राचार्य खुर्चीतून उठले. "हे काय चाललंय! दुसऱ्या कोणाच्या हातून करून घ्या आरती."

"बसा हो," गुणवंतराव दातांतून म्हणाले. "गादीवरच्यानं म्हनल्याबिगर आरती होत नसते." रीत त्यांना ठाऊक होती, आणि रीतच त्यांच्या गळ्याशी आली होती. त्यांचा चेहरा लाल झाला. "बाई, तुमी मले अडकवून राह्यल्या."

"तुमाले कोनी धरलं नाई जी. उठा ना. जा घरी."

गुणवंतरावांनी एक हात सतरंजीवर टेकला. गुडघा उचलला. सगळ्या मांडवाची नजर त्या गुडघ्यावर. मांडवाबाहेर गावातली माणसंही उभी होती, त्यांतला एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, "पुंजना जळला तवा नाई उठला, आता उठते का?" तो हळू बोलला होता, पण शांततेत ते सगळ्यांना ऐकू गेलं. गुडघा परत खाली आला.

"केवळराम," बाई म्हणाल्या, "वाजव."

केवळरामने एकदा मालकाकडे पाहिलं, एकदा गादीकडे पाहिलं. मग मान खाली घालून थाप दिली. पोटाचा प्रश्न होता, पण थाप काही कच्ची पडली नाही.

आणि नाम सुरू झालं ते थांबेचना. मास्तर मंडळी एकेक करून चपला शोधायला लागली. पोरी हलल्या नाहीत. बाईंचा गळा बसला तेव्हा दिव्यानीने तोंड उघडलं. तिचा बसला तेव्हा धानवाल्यांच्या पोरींनी त्यांच्या गावचं भजन धरलं. मग भामरागडकडच्या दोघीतिघी उठल्या, एकमेकींच्या कमरेत हात घातले आणि त्यांचं गाणं म्हणायला लागल्या. कीर्तनात हे चालतं की नाही, असा प्रश्न एकदोघांच्या तोंडावर आला. बाईंनी टाळ त्यांच्या ठेक्यावर आणले, म्हणजे चालतं. गुणवंतराव जबडा आवळून बसले होते, पण बोटं मांडीवर ठेका धरत होती. बोटांचं त्यांनी आईला काही कबूल केलेलं नव्हतं.

त्या गाण्यातच केव्हातरी चंदा कलंडली. आधी वाटलं, भोवळ आली. दिव्यानी धावत गेली, खाली बसली, तिचं डोकं मांडीवर घेतलं, आणि हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"काय झालं? काय झालं पोरीले?" गुणवंतराव बसल्या जागी ओरडले.

"काकाजी, हळू! झोपली हाये."

"झोपली?"

"झोपली. आषाढापासून आत्ता झोपली. तुमी उठवू नका तिले."

कीर्तनात झोपणाऱ्याला आपल्याकडे सगळे हसतात. त्या सांजेला कोणी हसलं नाही. गुणवंतराव मान वळवून पाहत राहिले. पोरीचं तोंड उघडं पडलं होतं, लहान मुलाचं पडतं तसं. मग खाकरून दसरूला हाक मारली.

"दसरूभाऊ, तुमी बाप हा. तुमी सांगा. घरी न्याची का नाई?"

त्याला हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं; ये आणि घेऊन जा, एवढाच निरोप गेला होता. तो उभा राहिला, छत्री धरून. मराठी त्याला बेताचीच यायची.

"घरी तिची माय रडते," तो म्हणाला. "ही आली त दोघी रडतील. मी कोनाले पाहू? पोरगा आमचा रस्ता नाई म्हून गेला. हिले रस्त्याजवळ राहू द्या."

आणि खाली बसला.

गुणवंतरावांनी रुमालाने तोंड पुसलं. "बरं. परीक्षेपर्यंत राहील."

"केवळराम, वाजव," बाई बसलेल्या आवाजात म्हणाल्या.

"अजी थांबा! बी.ए. होईपर्यंत राहील! झालं?"

"आन् गुरुवारी दवाखान्यात नेईन मी तिले."

"न्या."

"चारचौघांत म्हनलं तुमी."

"गादीसमोर म्हनलं, बाई. गादीसमोर म्या खोटं बोलत नाई." आणि मग त्यांच्यातला दुखावलेला माणूस वर आला. "पन तुमीबी आयकून घ्या. माह्याच मांडवात माह्यी इज्जत काढली तुमी. उद्यापासून वसतिगृहाच्या चाव्या दुसरीकडं. अशी बाई मले चालत नाई."

पोरींमधून गलका उठला. दिव्यानीच्या मांडीवर डोकं होतं म्हणून, नाहीतर ती उठून काय बोलली असती ते देव जाणे. चाव्या म्हणजे खोली, खोली म्हणजे घर. दुसरं घर बाईंना नव्हतं. पण पाय गादीवर पक्के होते. वडील म्हणायचे, गादीवर उभं राहून भिणाऱ्याने खाली उतरूच नये, तिथेच गाडून घ्यावं.

"चाव्या सकाळी घ्या," त्या म्हणाल्या. "बसणं नाई देत. फाटकाबाहेर एस.टी.चा थांबा हाये, त्याच्यावर सरकारचं छप्पर हाये. सांजेले मी तिथी बसीन. पोटातलं बोलाचं त्यानं यावं. पोट्टे आले तरी चालते."

"आमी येऊन राह्यलो!" पोरींमधून कोणी म्हणालं, मग दुसरी, मग सगळ्याच.

"माह्यी पोरगी गुरुवारी..." दसरूने हळूच विचारलं.

"मीच नेईन, दसरूभाऊ. तिकिटाले चाव्या लागत नाई."

मग त्यांनी केवळरामला खूण केली. कापूर पेटला. आरती सुरू झाली, आणि सवयीप्रमाणे गुणवंतरावांनी असा खडा आवाज लावला की मांडवाच्या कनाती हलल्या.

"शूऽऽ!" दिव्यानीने त्यांच्याकडे डोळे वटारले. "पोरगी उठल ना!"

संस्थाध्यक्षांना आजवर कोणी असं दटावलं नव्हतं. मग पुढचा चरण त्यांनी ओठांतल्या ओठांत धरला. त्यांच्यामागून सगळ्या मांडवाने तो तसाच हळू धरला, टाळ छातीशी दाबून, टाळ्या न वाजवता. एवढी हळू आरती त्या पट्ट्यात कोणी ऐकली नसेल. वच्छलाबाई ओवाळत होत्या.

आरती झाली. रीतीप्रमाणे गुणवंतराव पहिले पुढे आले, वाकले, कपाळ पुढे केलं. बाईंनी बुक्का लावला. सरळ होताना ते पुटपुटले, "आठ वाजता येतो चाव्यांसाठी."

"या ना जी," बाई म्हणाल्या. "आन् सांजेले थांब्यावर बी या. तुमालेबी बोलाचं असलच काई."

गुणवंतराव बाजूला झाले. बाईंनी पुढच्या कपाळासाठी बुक्क्यात बोट बुडवलं.